चादरीला नावं ठेवायची नाहीत

२ मार्च, सकाळी ८.१५

आजपासून पुन्हा रोजनिशी. मागची वही सहा जानेवारीला थांबली. कारण, पेन संपलं.

परवा ही स्टुलावरून पडली. उजवं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. बल्ब बदलायला चढली होती. तो बल्ब मी रविवारी बदलणारच होतो. गेले तीन रविवार तसं सांगतही होतो. माणसानं जरा दम धरावा की नाही? पण या घरात माझं ऐकतो कोण.

आता खरा प्रश्न गोधडीचा. मेअखेर लेकीला बाळ होणार. लेकीचं लग्न झालं तेव्हापासून, म्हणजे चार वर्षं, ही तिच्या लहानपणच्या फ्रॉकांचे चौकोन कापून, हाताने जोडून गोधडीचा वरचा भाग करत होती. तो पुरा झाला आणि हात मोडून बसली. राहिलं काय? मध्ये कापसाचा थर, खाली अस्तर, आणि तिन्ही एकत्र शिवून टाकायचं. म्हणजे तसं काहीच राहिलं नाही.

हिचं म्हणणं, टाकेबाईंकडे देऊ. टाकेबाई म्हणजे हिच्या गोधडी क्लासच्या बाई. नाव मी ठेवलंय, बाईंना माहीत नाही. त्यांच्याकडे खाटेएवढं मशीन आहे म्हणे.

मी साफ सांगितलं. गोधडी या घराबाहेर जाणार नाही. मी शिवणार. एकतीस वर्षं मोठ्या हॉटेलात लिनन रूमचा सुपरवायझर होतो. साडेतीनशे खोल्यांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल, सगळं माझ्या नजरेखालून जायचं. उसवलेल्या कडा शिवायला आमच्याकडे दोन मशिनं होती आणि त्यांच्या शेजारी मी रोज उभा असायचो.

हिने छताकडे, त्याच बल्बकडे पाहिलं. मग म्हणाली, बघू.

बघू म्हणजे हो. पस्तीस वर्षांच्या संसारात एवढं तर कळतं.

५ मार्च, दुपारी ४

माल ताब्यात आला. हिने उशीच्या अभ्र्यात घालून दिला. तीन दिवस का लागले विचारलं, तर कपाटात खाली गेला होता म्हणाली.

पलंगावर पसरला. सहा गुणिले सहा, छत्तीस चौकोन. काय सांगू, रुमाल काढावा लागला. लाल ठिपक्यांचा तुकडा पाहिला आणि तिचा पाचवा वाढदिवस डोळ्यांसमोर उभा राहिला. पिवळा, तो प्राणिसंग्रहालयात गेलो होतो तेव्हाचा. माकडाला पाहून रडली होती. निळी फुलं, शाळेचा पहिला दिवस. एक जाडसर चॉकलेटी तुकडा आहे, तो थंडीतला फ्रॉक असणार. बापाच्या डोक्यात किती साठलेलं असतं, कुणाला कल्पना नाही.

ही दारात उभी होती. आठवतात का, असं विचारलं. मी म्हणालो, एकूण एक. हाताची झोळी सारखी करून स्वयंपाकघरात गेली. तिलाही भरून आलं असणार.

मग तिथूनच एक अट घातली. अस्तराला चादर वापरायची नाही. म्हणे टाकेबाईंनी क्लासमध्ये सांगितलंय, चादरीची वीण घट्ट असते, सुई नीट जात नाही, गोधडी ताठ होते. अस्तराचं मोठ्या पन्ह्याचं सुती कापड वेगळं मिळतं, तेच आणा.

चादरीबद्दल मला सांगतात! माशाच्या पिलाला पोहायला शिकवायला निघाल्या बाई.

६ मार्च, सकाळी ११

टाकेबाईंना फोन केला. हिच्या नकळत. अत्यंत सभ्यपणे बोललो.

मुद्दा एक. चादर एकसंध असते. गोधडीएवढं कापड जोड न देता मिळतं. बाई म्हणाल्या, ते खरं आहे. मुद्दा दोन. बाई म्हणाल्या, नवी चादर न धुता लावली तर मागाहून आटते. मी म्हणालो, मॅडम, माझी चादर दोनशे वेळा धुतलेली आहे, तीही सत्तर डिग्रीला. ती आता आटायची राहिलेलीच नाही. त्यावर बाई म्हणाल्या, वरचा भाग मात्र धुतलेला नसतो हं, तेवढं लक्षात ठेवा.

विषय बदलायची ही एक पद्धत असते. मी फोन ठेवला.

चादरी आहेत पलंगाखाली. चार गठ्ठे. हॉटेलने लिननचं काम बाहेरच्या कंपनीला दिलं, आमची खोली बंद केली, आणि निरोपाला मला बाद मालातल्या चादरी दिल्या. बाद म्हणजे हॉटेलच्या हिशेबाने बाद. चारशे काउंटचा, म्हणजे इंचाला चारशे धाग्यांचा माल आहे तो. आम्ही स्वतः सात वर्षं त्यावरच झोपतो.

एकतीस वर्षांनी मिळालेली वस्तू आहे. तिला कुणी नावं ठेवायची नाहीत. अस्तर चादरीचंच लागणार.

९ मार्च, दुपारी २.३०

कामाला सुरुवात. ही प्लास्टर दाखवायला दवाखान्यात गेली, शेजारच्या वहिनींबरोबर. मी येतो म्हणालो होतो, पण त्यांनीच नको म्हटलं.

हिच्या गोधडीच्या पुस्तकात लिहिलंय, अस्तर जमिनीवर ताणून चिकटपट्टीने चिकटवा, वर कापूस, वर गोधडीचा भाग, मग तिन्ही थरांना कच्चे टाके घाला. जमिनीवर कशाला? माझे गुडघे काय वाटेवर पडलेत? देवाने पलंग दिलाय. गठ्ठ्यातली एक चादर काढली, पलंगावर टाकली, चारी कोपरे हॉटेलच्या पद्धतीने दुमडून गादीखाली खोचले. अशी ताणली, अशी ताणली, की एक सुरकुती शिल्लक राहिली नाही. जुना हात विसरत नाही. त्यावर कापसाचा थर, त्यावर फ्रॉक. मग गादीवाल्याची दाभण घेऊन टाके घालायला लागलो. मधूनमधून सुई जड जात होती. मी जोर लावला.

उचलताना गादीही थोडी वर आली. तीन टाके तिच्यातून गेले होते. कापले. एवढं चालायचंच.

वेळ दोन तास. पुस्तकात एक दिवस लिहिलाय.

१० मार्च, सकाळी ७

ही विचारते, पलंगावरची चादर कुठे गेली. गादी उघडी आहे म्हणते. मी म्हणालो, धुवायला टाकली.

टाकलेली नाही. मलाही सापडत नाही. हिनेच कुठेतरी ठेवली असणार. हात प्लास्टरमध्ये असला की माणसाचं चित्त थाऱ्यावर नसतं. आजारी माणसाशी वाद घालू नये.

१४ मार्च, दुपारी १२.१०

मागच्या खोलीत घरातलं शिवणाचं मशीन हलवलं. दार लावून काम. हिला सरप्राइज द्यायचं आहे.

पहिली सुई सहाव्या टाक्याला मोडली. दुसरी नवव्या. म्हणजे प्रगती आहे. तिसरी चॉकलेटी तुकड्यावर मोडली आणि टोक उडून माझ्या चष्म्यावर आपटलं. चौथी, पाचवी लिहीत नाही.

हल्ली सुयांना पूर्वीसारखं पोलाद वापरत नाहीत.

१६ मार्च, संध्याकाळी ५

सोळा नंबरच्या जाड सुया आणल्या. चार मोडल्या. मशीनमध्येच दोष. दुरुस्तीवाल्याला बोलावलं.

त्याने मशीन उघडलं, तेल घातलं, आपल्या खिशातला चिंधीचा तुकडा घेऊन सरळ वीतभर शिवून दाखवला. म्हणाला, काका, मशीन ठणठणीत आहे, तुमचं कापड फार जाड झालंय. मग गोधडीची कड दोन बोटांत धरून चोळली आणि म्हणाला, चार थर आहेत. मी म्हणालो, तीन. तो म्हणाला, चार. मी म्हणालो, शिवतंय कोण? तो म्हणाला, अजून तरी कुणीच नाही.

असल्या उद्धट माणसांमुळेच धंदे बसतात.

तो गेल्यावर मोजले. चार आहेत.

पलंगावरची चादर सापडली. अस्तराच्या खाली टाक्यांत अडकून आली होती. पांढऱ्यावर पांढरं, कुणालाही कळलं नसतं.

१७ मार्च, सकाळी ९

रात्री झोप चांगली लागली आणि सकाळी डोकं स्वच्छ होतं. विचार केला. कच्चे टाके उसवून एक चादर काढणं म्हणजे सगळी मेहनत पाण्यात. आणि काढायची कशाला? टाकेबाईंचा आक्षेप होता की चादर अस्तराला चालत नाही. एक नाही चालत ना? मग दोन लावतो.

निर्णय: डबल अस्तर. बाळाला ऊब जास्त. बाजारात असली गोधडी कुणाकडे नसेल.

लोखंडी कापडाला वापरतात ती सुई मिळते का पाहणार.

२९ मार्च, दुपारी ३

जीन्स शिवायच्या सुया मिळाल्या. काम जोरात. आतापर्यंत बावीस ओळी. ओळी सरळ जात नाहीत, पण पुस्तकात एक लाटांचं डिझाइन दिलंय, आपलं तसंच आहे असं धरायचं.

एक गंमत दिसली. कापड मशीनमधून बाहेर आलं की खालची बाजू आखडते आणि वर घड्या पडतात. पलंगावर ताणलेली चादर आता आपल्या मूळ जागी जाते आहे. चांगलं कापड असंच असतं, त्याला आपली जागा माहीत असते. घड्या बाळाला कळणार नाहीत.

हिने चहा आणला. डाव्या हाताने. दाराबाहेर ठेवला आणि विचारलं, कसं चाललंय. मी म्हणालो, बघत राहशील. आत डोकावलीसुद्धा नाही. पूर्वी मी साधं बटण लावायला घेतलं तरी हातातून काढून घ्यायची. एवढा विश्वास बायकोने पहिल्यांदाच टाकला असेल.

११ एप्रिल, सकाळी १०.४०

पूर्ण!!! कडेची पट्टीसुद्धा लावली. एका कोपऱ्यात पट्टी कमी पडली, तिथे रुमालाची जोडली.

स्वतःची पाठ स्वतः थोपटू नये म्हणतात, पण घरात दुसरं कुणी थोपटत नाही. साठीला आलेला माणूस, कधी सुई हातात धरली नव्हती, चाळीस दिवसांत गोधडी. आता उलटी करून पाहतो आणि हिला हाक मारतो.

११ एप्रिल, सकाळी ११

हाक मारली नाही.

पाठीवर मधोमध शिक्का आहे. तळहाताएवढा, जांभळ्या शाईत. 'बाद'. खाली माझी सही. तारीख.

कसं झालं ते लिहून ठेवतो, म्हणजे दोष कुणाचा ते स्पष्ट होईल. हॉटेलात बाद चादरीवर पूर्वी कोपऱ्यात शिक्का मारायचे. लोक कोपरा कापून चादर वापरायचे. मी सुपरवायझर झाल्यावर नियम काढला, शिक्का मधोमध मारायचा. मॅनेजरने सगळ्यांदेखत माझं कौतुक केलं होतं. आता घरात ही चादर अंथरताना शिक्का खाली करते, दिसू नये म्हणून. सात वर्षं तसंच. आणि पलंगावरची हीच चादर खालून टाक्यांत आली. म्हणजे खालची बाजू झाली बाहेरची.

दोष हिच्या सवयीचा आहे. पण मी बोलून दाखवणार नाही.

शाईही मीच निवडलेली. आठ कंपन्यांचे नमुने ब्लीचमध्ये उकळून पाहिले होते. ही एकच टिकली.

१३ एप्रिल, दुपारी १

सुंठीवाचून खोकला जातोय. ही तीन दिवस लेकीकडे गेली, डॉक्टरांना भेटायचं आहे म्हणून. प्लास्टर निघालंय. जाताना म्हणाली, जेवण फ्रिजमध्ये आहे, गॅसवर काही ठेवून विसरू नका.

गॅसवर ठेवणारच आहे. पाण्याचं मोठं पातेलं. आमचा लॉन्ड्रीचा जुना फॉर्म्युला: पाणी जवळजवळ उकळतं, पावडर दुप्पट, ब्लीच दीडपट, दोन तास. त्या वेळी शाई टिकली होती, मान्य. पण त्याला वीस वर्षं झाली. ब्लीच आता सुधारलं असेल.

टाकेबाई वरचा भाग न धुतलेला असल्याचं काहीतरी म्हणाल्या होत्या. म्हणूनच धुतोय.

१३ एप्रिल, दुपारी ४.२०

पाणी लाल झालं.

१४ एप्रिल, दुपारी १२

वाळली.

निरीक्षणं. एक: चादर सूतभरही आटलेली नाही. मी म्हणालो होतो तसंच, अगदी तंतोतंत. टाकेबाईंना कळवायला हरकत नाही. दोन: वरचा भाग आटला. सगळीकडे सारखा नाही, चॉकलेटी तुकडे सगळ्यात जास्त. त्यामुळे गोधडी सपाट राहत नाही. जमिनीवर ठेवली की कडा वर येतात आणि मध्ये खड्डा पडतो. मांजर असतं तर बसलं असतं. तीन: लाल ठिपके आता ठिपके नाहीत. त्यांचा रंग आजूबाजूला गेला. पिवळा नारिंगी झाला. निळी फुलं कुठे गेली कळत नाही. चार: शिक्का. पूर्वीपेक्षा उठून दिसतो.

१५ एप्रिल, सकाळी ६.४५

ही आज संध्याकाळी येणार.

वाद टाकेबाईंशी होता. पण धुऊन टाकलं मी ते टाकेबाईंचं काही नव्हतं. हिची चार वर्षं होती. दर दुपारी खिडकीपाशी बसून एक एक टाका. फ्रॉक तर आता कुठून आणणार, ते कापून झाले. लेकीच्या लहानपणाचं जे काही घरात उरलं होतं, ते मी पातेल्यात उकळलं.

आज सांगून टाकणार. आल्या आल्या.

१५ एप्रिल, संध्याकाळी ७

दमून आली होती. दमलेल्या माणसाला असं काही सांगणं क्रूरपणा आहे. लेकीची तब्येत उत्तम. हिने विचारलं, झाली का गोधडी. मी म्हणालो, फिनिशिंग चालू आहे.

२८ एप्रिल, दुपारी ४.४५

नवी योजना. खराब झालेले तुकडे काढून तसंच कापड शोधून लावायचं. कुणाला कळणार नाही. शिवणीच्या आतला भाग उसवून प्रत्येकाचा जरासा नमुना काढला, तिथे रंग थोडाफार शाबूत आहे. मोठ्या कापड दुकानात गेलो.

दुकानदाराने चॉकलेटी नमुना हातात धरला आणि म्हणाला, हे पडद्याचं कापड आहे, ड्रेसचं नाही. मी म्हणालो, माझ्या मुलीचा फ्रॉक आहे तो. तो म्हणाला, काका, तीस वर्षं कापड विकतोय, हा पडदा आहे. मी त्याला सुनावलं. आमची लेक काय पडदे घालून फिरत होती? तिच्या अंगावरचा तो फ्रॉक मला आत्ताही दिसतो. गुडघ्यापर्यंत होता आणि खिशाला बटण होतं.

तीस वर्षं विकतोय म्हणे. नुसतं वय झालं म्हणून अक्कल येत नाही.

काही घेतलं नाही.

९ मे, सकाळी ८

आज संध्याकाळी पाच वाजता सांगणार. ठरलं म्हणजे ठरलं. वाक्यंही तयार केली आहेत. आधी स्टूल आणि बल्बचा विषय काढायचा, म्हणजे चुका सगळ्यांकडूनच होतात हे आपोआप निघेल.

९ मे, संध्याकाळी ५.३०

पाच वाजता ही हाताचे व्यायाम करत होती. रबरी चेंडू दाबत होती. मनगट अजून दुखतं म्हणाली. बल्बचा विषय काढायची ती वेळ नव्हती.

१८ मे, सकाळी ६.५५

जावयाचा फोन. नात झाली! दहा दिवस आधीच. दोघी सुखरूप. ही फोनवर रडली. मीही कोपऱ्यात जाऊन जरा नाक पुसलं.

ही म्हणाली, दहाच्या गाडीने निघू, गोधडी घ्या.

१८ मे, सकाळी ९.३०

सांगितलं.

स्टूल, बल्ब, काही आठवलं नाही. मागच्या खोलीत घेऊन गेलो, गोधडी पसरली. म्हणजे पसरत नाही, ठेवली. म्हणालो, मी तुझी चार वर्षं वाया घालवली. चादर लावली, तू नको म्हणाली होतीस तरी. दोन लावल्या. मग उकळली. काय शिक्षा करायची ती कर.

ही खाली वाकून बघत राहिली. उलटी केली, शिक्का बघितला. खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते आहे. हसत होती. हसता हसता मनगट धरून पलंगावर बसली.

मग जे म्हणाली ते असं. हा वरचा भाग फ्रॉकांचा नाहीच. हा क्लासमधला सराव. पहिल्या वर्षी टाकेबाईंनी सगळ्यांना शिंप्याकडच्या चिंध्या वाटल्या होत्या, त्यांतून जोडलेला. चॉकलेटी तुकडे क्लासच्या जुन्या पडद्याचे. फ्रॉकांची गोधडी पाच मार्चला सकाळीच टाकेबाईंकडे गेली. एप्रिलमध्ये झाली. तेरा तारखेला हीच स्वतः ती लेकीकडे ठेवून आली.

मी म्हणालो, म्हणजे तू मला फसवलंस! अडीच महिने! स्वतःच्या नवऱ्याला! सुयांचं सोड, माझ्या भावनांचं काय?

ही म्हणाली, अहो, मी सांगणारच होते. अभ्रा हातात दिला तेव्हाच सांगणार होते, की आधी यावर हात बसवा. पण तुम्ही उघडलंत आणि वाढदिवस काय, माकड काय, सांगायलाच लागलात. आठवतात का विचारलं, तर म्हणालात एकूण एक. मग काय बोलणार मी.

आणि माकडाला पाहून ती नाही, तुम्ही ओरडला होतात, असंही म्हणाली.

गाडीची वेळ झाली. पिशवी भरायला घेतो.

२० मे, दुपारी १२.१५. लेकीच्या घरी.

नात गोरी की सावळी अजून कळत नाही. नाक माझं आहे. यावर कुणी वाद घातलेला नाही, कारण मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

गोधडी लेकीच्या पलंगावर आहे. सपाट. अस्तर पांढऱ्या मऊ सुती कापडाचं, सुई कुठेही अडलेली दिसत नाही. बरी आहे. चादरीचं असतं तरी बरीच झाली असती, हे माझं मत कायम आहे.

लेक म्हणाली, बाबा, ओळखा बघू कुठला कधीचा. मी चष्मा पुसला. छत्तीस चौकोन. हिरवा, गुलाबी, चौकड्यांचे दोन, एक बारीक पानांचा. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. लेक वाट बघत होती. ही खिडकीतून बाहेर बघत होती.

मी म्हणालो, तूच सांग. मी लिहून घेतो.

हिरवा. शाळेचा पहिला दिवस. आई सोडायला गेली होती. मी ड्युटीवर.
बारीक पानांचा. गोवर आला होता तेव्हा पंधरा दिवस हाच अंगात. मी ड्युटीवर.
गुलाबी. पाचवा वाढदिवस. मी केक कापून झाल्यावर आलो.
चौकड्या. सायकल शिकताना पडली, शेजारच्या काकांनी उचलून आणलं. मी ड्युटीवर.
चौकड्या, दुसरा. शाळेत नाचात पहिला नंबर. ड्युटी.

असे वीस झाले. पुढे मी ड्युटी लिहायचं सोडून नुसती रेघ मारली.

शेवटच्या ओळीत एक राखाडी पट्ट्यांचा चौकोन निघाला. हा मात्र मी लगेच ओळखला, मोठ्याने म्हणालो, अगं, हा तर माझा शर्ट! ही म्हणाली, हो, तुमचाच. फ्रॉकांत शर्ट कशाला, असं विचारलं. लेक म्हणाली, तुमची रात्रपाळी असली की मी तो उशाशी घेऊन झोपायचे. धुवायला द्यायचे नाही. आई लपवून ठेवायची.

मला तो शर्ट चांगला आठवतो. तो हरवला म्हणून मी लॉन्ड्रीतल्या माणसाला मेमो दिला होता.